झोप लागता लागता झटका का बसतो? आणि कोणता झटका डॉक्टरांना दाखवायचा?

संध्याकाळची कल्याण लोकल. दादरला कशीबशी चौथी सीट मिळालेली. घाटकोपर येईपर्यंत मान कलते, स्टेशनांची नावं सांगणारा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. आणि तेवढ्यात जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं होतं. पाय खाडकन पुढे जातो, समोरच्याच्या चपलेवर आपटतो. 'सॉरी' म्हणायचं, बॅग सावरायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघायचं.

लोकलमध्ये हा प्रकार हसण्यावारी जातो. पण तोच झटका रात्री अंथरुणात बसला की गोष्ट बदलते. छाती धडधडत असते, शेजारी झोपलेलं माणूस "काय झालं?" विचारतं आणि हात आपोआप उशीजवळच्या मोबाईलकडे जातो. 'झोपेत झटका का येतो' असं शोधलं की दहा मिनिटांत हृदयविकारापासून मेंदूच्या गाठीपर्यंत सगळं वाचून होतं. मग झोप कसली येतेय?

झोप लागताना बसणारा हा झटका बहुतेकांच्या बाबतीत निरुपद्रवी असतो. मात्र दिसायला अगदी असेच असणारे दोन-तीन झटके निरुपद्रवी नसतात. फरक ओळखायचा तर झटका किती जोरात बसला यापेक्षा तो कोणत्या वेळी बसला, हे बघावं लागतं.

याला म्हणतात 'हिप्निक जर्क'

वैद्यकीय भाषेत याचं नाव हिप्निक जर्क किंवा स्लीप स्टार्ट. स्नायू अचानक, आपल्या इच्छेशिवाय आकसतो आणि लगेच सैल सोडतो, याला डॉक्टर मायोक्लोनस म्हणतात. उचकीसुद्धा याच घराण्यातली. तिथे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा आकसतो, इथे हात, पाय किंवा एकदम सगळं अंग.

स्नायूंची ही हालचाल मोजली तर ती साधारण ७५ ते २५० मिलिसेकंदांची भरते. म्हणजे फार तर पाव सेकंद. मात्र त्या पाव सेकंदाने नाडी वाढते, श्वास जोरात चालतो, कधी घामही फुटतो. माणूस घाबरतो ते बहुतेक वेळा या धडधडीमुळे.

आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण ६० ते ७० टक्के असल्याचं सांगितलं जातं. बाकीच्यांनाही झटके बसत असतील, पण पूर्ण जाग न आल्यामुळे सकाळी काही आठवत नसेल, अशी शक्यता आहे. नवऱ्याची लाथ बायकोला आठवते, नवऱ्याला नाही, हे तर घराघरात ऐकायला मिळतं.

मेंदूत नेमकं काय होतं?

झोपेबद्दल एक गैरसमज असतो की थकलेला मेंदू आपोआप बंद पडतो. तसं नसतं. मेंदूला झोपवायला मेंदूचाच एक भाग काम करत असतो.

याचा पहिला मोठा धागा एका साथीतून हाती लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विचित्र आजार पसरला. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहायचे, तर काहींचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. व्हिएन्नातले डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. त्याच्या पुढच्या बाजूला इजा झालेले रुग्ण झोपेला पारखे झाले होते आणि मागच्या बाजूला इजा झालेले झोपेत बुडाले होते. झोपवणारी आणि जागवणारी अशी दोन वेगळी ठिकाणं मेंदूत असली पाहिजेत, हे त्यांनी तेव्हा ओळखलं.

पुढे १९४९ मध्ये ज्युसेप्पे मोरुझी आणि होरेस मॅगून यांनी मेंदूच्या देठातली जागं ठेवणारी यंत्रणा दाखवून दिली. १९९६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातला झोप आणणारा पेशींचा पुंजका नेमका हेरला.

हे दोन गट एकमेकांना दाबून ठेवतात. सी-सॉवर बसलेल्या दोन मुलांसारखं समजा. एक वर गेला की दुसरा खाली. दिवसभर जागवणारा गट वर असतो, रात्री हळूहळू पारडं फिरतं. ते फिरत असताना काही क्षण असे येतात की दोघांपैकी कुणाचाच पूर्ण ताबा नसतो. अशा वेळी मेंदूच्या देठातून एखादा चुकार संदेश पाठीच्या कण्यातून खाली सुटतो आणि स्नायूंना झटका बसतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. हे स्पष्टीकरण आज सर्वांत जास्त मान्य असलं, तरी त्याच्यावर अंतिम शिक्का बसलेला नाही. विषय तसा दुर्लक्षितच राहिला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ इयन ऑस्वाल्ड यांनी १९५९ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात खास याच झटक्यांवर निबंध लिहिला होता. आजही या विषयावर बोलताना त्याचा दाखला दिला जातो.

पण दरीत पडल्यासारखं का वाटतं?

नुसता पाय उडाला असता तर एवढी भीती वाटली नसती. भीती वाटते ती पडण्याची. कुणाची पायरी चुकते, कुणी गच्चीवरून घसरतं, कुणाला ठेच लागते.

याचं उत्तर शोधायला फ्रान्समधलं एक संशोधन उपयोगी पडतं. उपचारांसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या, अशा अपस्माराच्या रुग्णांची झोप लागतानाची नोंद तिथे घेतली गेली. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी माहिती पुढे पाठवणारा भाग म्हणजे थॅलॅमस. तो आधी शांत होतो आणि विचार करणारा मेंदूचा वरचा थर त्यानंतर काही मिनिटांनी, असं त्यात दिसलं.

म्हणजे बातमीदार झोपलेला आणि संपादक जागा. बाहेरून काही येत नाही, तरी पान तर भरायचंय. मग कपाटातलं जुनं काहीतरी काढून छापलं जातं. त्यातच अचानक पाय उडाला की त्या झटक्यालाही एक गोष्ट जोडली जाते. अंग सैल पडलंय, हातापायांचा अंदाज राहिलेला नाही, अशा वेळी 'आपण पडलो' ही गोष्ट सर्वांत सोपी. जाग आल्यावर मात्र आपण ती उलट्या क्रमाने सांगतो: पडलो, म्हणून दचकलो.

याबाबतीत झाडावर झोपणाऱ्या आपल्या पूर्वजांची कथा सोशल मीडियावर फार लोकप्रिय आहे. स्नायू सैल पडले की 'फांदीवरून पडतोय' असं समजून मेंदू झटका देतो, आणि ही सवय माकडांपासून आपल्यापर्यंत आली, अशी ही कल्पना. ऐकायला झकास. पण तपासून बघण्याचा मार्ग नसल्याने सध्या तिला कल्पनाच म्हणावं लागेल.

या कपाटातून काय बाहेर येतं, याचा एक गमतीशीर प्रयोग हार्वर्डमध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी केला. लोकांना टेट्रिस हा व्हिडिओ गेम खेळायला दिला आणि झोप लागताना काय दिसलं ते विचारलं. अनेकांना डोळ्यांसमोर वरून पडणारे ठोकळे दिसले. या गटात स्मृतिभ्रंशाचे काही रुग्णही होते. आपण हा गेम खेळलोय हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांच्यापैकी काहींना ठोकळे दिसले. २०००मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये आलं. झोपेच्या आधी तासभर रील्स बघितल्यावर डोळे मिटले तरी बोट स्क्रीनवर फिरतंय असं वाटत असेल, तर त्यात फार नवल नाही.

आवाज, चेहरे आणि डोक्यात फुटलेला सुतळी बॉम्ब

झटक्याशिवायही या सीमेवर बरंच काही घडतं. कुणीतरी नावाने हाक मारल्याचं ऐकू येतं, अनोळखी चेहरे दिसतात, पलंग हलल्यासारखा वाटतो. ब्रिटनमध्ये जवळपास पाच हजार लोकांना विचारून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३७ टक्के लोकांनी झोप लागताना असे भास होत असल्याचं सांगितलं होतं. घरात कुणाला असं झालं आणि त्याने ते सांगितलं, तर लगेच मांत्रिकाचा नंबर शोधायची गरज नाही.

सर्वांत दचकवणारा प्रकार आवाजाचा. झोप लागतेय तोच डोक्यात बंदूक झाडल्यासारखा, दार आपटल्यासारखा मोठा आवाज होतो. दुखत काहीच नाही, घरात दुसऱ्या कुणाला काही ऐकू आलेलं नसतं. १९८८ मध्ये ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ जे. एम. एस. पिअर्स यांनी याला 'एक्स्प्लोडिंग हेड सिंड्रोम' असं नाव दिलं. आजारापेक्षा नावच जास्त भीतिदायक! अमेरिकेतल्या २११ विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात १८ टक्क्यांनी असा आवाज एकदा तरी अनुभवल्याचं सांगितलं होतं. हे असं होऊ शकतं आणि त्याने मेंदूला काही होत नाही, एवढं कळल्यावरच अनेकांचा त्रास कमी होतो.

'छातीवर भूत बसलं' हा अनुभव याच परिसरातला, पण उलट्या बाजूचा. स्वप्नांच्या झोपेत आपण खरोखर हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर स्नायूंना कुलूप लावतं. कधी जाग आधी येते आणि कुलूप नंतर उघडतं. डोळे उघडे, पण बोटही हलत नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते सुटतं.

'हृदय थांबलं म्हणून मेंदू झटका देतो', खरं की खोटं?

खोटं. झोपेत शरीर मेल्यासारखं होतं, हृदय थांबू लागतं आणि माणूस जिवंत आहे का हे बघायला मेंदू झटका देतो, असा मेसेज सतत फिरत असतो. झोप लागताना हृदयाचे ठोके आणि श्वास जरा संथ होतात हे खरं. पण श्वास आणि ठोक्यांवर मेंदूच्या देठातली यंत्रणा दिवसरात्र लक्ष ठेवून असते. त्यासाठी तिला पाय हलवून बघावा लागत नाही. झटक्यानंतरची धडधड ही दचकल्याची धडधड असते. 'मॅग्नेशियमची गोळी घ्या, झटके बंद' या सल्ल्यामागेही ठोस पुरावा नाही.

झटके वाढतात ते अपुरी झोप, ताण, संध्याकाळी उशिरा केलेला जोरदार व्यायाम, निकोटिन आणि कॅफिनमुळे. कॅफिनचं गणित बघा. शरीरातलं निम्मं कॅफिन कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असतंच. परीक्षेच्या दिवसांत किंवा नाइट शिफ्ट बदलल्यावर झटके वाढल्यासारखे वाटतात, त्यामागे यातली तीन-चार कारणं एकत्र आलेली असतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही झटके वाढू शकतात. तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोलावं, गोळी मनाने बंद करू नये.

खरा त्रास सुरू होतो तो पुढे. दोन रात्री झटका बसला की तिसऱ्या रात्री माणूस वाट बघत पडून राहतो: आता बसेल, मग बसेल. पहारा देणाऱ्या मेंदूला झोप लागत नाही, लागली तर उथळ, आणि झोप कमी पडली की झटके आणखी वाढतात. झटक्याने काही बिघडलेलं नसतं, पण त्याच्या भीतीने झोपेचं खोबरं होतं. अशा वेळी उठून घड्याळ किंवा मोबाईल बघण्यापेक्षा कूस बदलून पडून राहिलेलं बरं. रोज ठरलेल्या वेळी झोपणं आणि दुपारनंतर चहा-कॉफी कमी करणं, याने बहुतेकांचं काम भागतं.

आता ते झटके, ज्यांच्याकडे काणाडोळा नको

पायांत शिवशिव होते, आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं. हे सगळं संध्याकाळनंतर वाढतं. हा हिप्निक जर्क नाही. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात आणि याचा लोहाच्या कमतरतेशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे 'आईचे पाय रात्री फार शिवशिवतात' हे वाक्य नुसतं तेल लावून विसरण्यासारखं नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. तो फेरिटिन या रक्ततपासणीत कळतो.

दुसरा झटका गाडी चालवताना बसणारा. मान खाली जाते आणि दचकून वर येते. 'बरं झालं, जाग आली' असं म्हणून लोक काच खाली करतात, गाणी लावतात आणि पुढे निघतात. पण झटका बसला याचा अर्थ मेंदू झोपेच्या दारात जाऊन आला होता. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर जवळपास १०० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. इथे उपाय एकच: गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटं झोप काढणं.

तिसरा झटका सकाळचा, आणि तो सर्वांत जास्त निसटतो. मुलगा किंवा मुलगी साधारण १२ ते १८ वर्षांची. उठल्यावर पहिल्या तासाभरात हातांना झटके बसतात. ब्रश उडतो, चहाचा कप निसटतो, मोबाईल पडतो. शुद्ध हरपत नाही, म्हणून घरचे 'धांदरट आहेस', 'रात्री जागत जाऊ नको' म्हणून सोडून देतात. मग एखाद्या जागरणानंतर, अभ्यासाच्या नाहीतर लग्नघराच्या, सकाळी मोठी आकडी येते. हा ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी नावाचा अपस्माराचा प्रकार असू शकतो. औषधांनी तो बहुतेकांमध्ये चांगला आटोक्यात राहतो. पण डॉक्टरांना फक्त मोठ्या आकडीबद्दल सांगून चालत नाही, सकाळच्या झटक्यांबद्दलही सांगावं लागतं. कारण आकडीवरची कार्बामाझेपिनसारखी काही औषधं या प्रकारात झटके वाढवू शकतात.

उरलं तान्हं बाळ. बाळ दचकतं, यात नवीन काही नाही. दार वाजलं की दोन्ही हात फाकवून दचकणं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि चार ते सहा महिन्यांत ती जाते. गाढ झोपेत हातपाय उडणं आणि जागं केल्यावर लगेच थांबणं हेसुद्धा पहिल्या काही महिन्यांत निरुपद्रवी असू शकतं. आजी मीठ-मोहरी ओवाळते, बाळ शांत होतं, सगळे झोपतात.

पण साधारण तीन महिने ते एक वर्षाच्या बाळाला झोपेतून उठल्या उठल्या झटके येत असतील, तर दृष्ट काढत बसू नये. मान एकदम पुढे पडते, हात वर जातात, अंग वाकतं, सेकंद-दोन सेकंदांत सैल पडतं आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. एकामागून एक, कधी वीस-तीस वेळा. सोबत बाळ पूर्वीसारखं हसेनासं झालं, नजर देईनासं झालं, तर आणखी घाई करायला हवी. याला इन्फंटाइल स्पॅझम्स किंवा वेस्ट सिंड्रोम म्हणतात. पोटात कळ आली असेल, दात येत असतील, असं समजून यात मोलाचे आठवडे जातात. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी बाळाची वाढ सावरण्याची शक्यता जास्त असते.

या आजाराला ज्यांचं नाव आहे ते विल्यम जेम्स वेस्ट इंग्लंडमधले डॉक्टर होते. त्यांच्या स्वतःच्या मुलालाच हे झटके येत. कुणी ओळखतं का, हे विचारण्यासाठी त्यांनी १८४१ मध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं. मान खाली झुकण्यावरून तेव्हा या झटक्यांना चक्क 'सलाम' म्हणत. वेस्ट यांच्याकडे बाळाचं वर्णन करायला फक्त शब्द होते.

आज मोबाईल आहे. दवाखान्यात नेल्यावर बाळाला नेमका झटका येईलच असं नाही, त्यामुळे घरी काढलेला व्हिडिओ फार कामाला येतो. दिवा लावायचा, पांघरूण काढायचं, बाळ डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असं धरायचं आणि एक झटका संपला म्हणून रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, पुढचे दोन-तीनही येऊ द्यायचे. बाळ किती वाजता उठलं होतं तेवढं लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.